आफ्रिकेचा पाहुणा

यंदाच्या वैशाखात माझ्या गावानं माझ्या डोक्याला फेटा बांधला. बांधणारा धर्मराज पाटील सातवीपर्यंत माझ्याच वर्गात होता. गुलाबी फेटा, जालन्याच्या कापडबाजारातून खास आणलेला. टाळ्या वाजल्या, मोबाईल वर झाले, माइकवर पुकारा झाला, "आफ्रिका खंडातून आलेले आपले पाहुणे!" ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो माणूस त्या वेळी साडेसात-आठ हजार किलोमीटर लांब, आपल्या घरी बसला होता. मी फक्त त्याच्या कपड्यांत उभा होतो.

गोष्ट आधी त्याची आहे, म्हणून त्याच्यापासून सांगतो. माझं काय, मी कुठं पळून चाललोय.

त्याचं नाव अदेयेमी, आम्ही त्याला आदे म्हणायचो. नायजेरियातल्या इबादान शहराचा. संभाजीनगरला औषधांचं शिक्षण घ्यायला आलेला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यानं तोंडावर कापडाचा मास्क घालून सॅक्साफोन वाजवला आणि त्याचं रील फिरत फिरत आमच्या मालकाच्या मोबाईलवर आलं. मालक म्हणजे अप्पाराव. जुन्या जालन्यात आडत बाजाराच्या मागं एका गोदामात त्याची बँडपार्टी आहे, आणि मी, बुद्धभूषण, तिथं वीस वर्षं सॅक्साफोन वाजवतो. तिसऱ्या रांगेत. अप्पाराव दुसऱ्याच दिवशी गाडी काढून संभाजीनगरला गेला आणि लगीनसराईपुरता आदेला घेऊनच आला.

पहिल्या भेटीत आदे म्हणाला, तो योरुबा आहे. मी विचारलं, ही जात का? त्याला आधी जात म्हणजे काय ते सांगावं लागलं, त्यात अर्धा तास गेला. सगळं ऐकून तो म्हणाला, नाही, योरुबा म्हणजे लोक, भाषा, देव, जेवण, ढोल, सगळंच. मी म्हटलं, मग बरं आहे बाबा तुमचं. आमचं हे बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी व्हायचं. इथं मराठीत लिहितो, म्हणजे निदान वाचणाऱ्याचे हाल नकोत.

त्याचा मास्क फाटला होता. नवा जुन्या जालन्यातल्याच शिंप्याकडून शिवून घेतला. कटपीस, साडीच्या किनारी, खणांचे तुकडे, असल्या दोनशे-अडीचशे पट्ट्या एकावर एक शिवून डोक्यापासून गुडघ्यापर्यंत झालर सोडलेली. डोळ्यांना दोन चिरा आणि ओठांपाशी सॅक्सचं तोंड आत जाईल एवढं भोक. शिंपी म्हणाला, एवढ्या कापडात चार पोरींचे फ्रॉक झाले असते. आदे म्हणाला, त्याच्या गावात याहून जड कापडं घालून माणसं दिवसभर नाचतात.

मला वाटायचं, लोकांनी बघावं म्हणून हे सोंग. एका दुपारी गोदामात बसलो असताना त्यानं खरं कारण सांगितलं. त्याचे वडील बस चालवायचे. रस्त्यावरच्या चौकीत शिपायाशी हुज्जत झाली आणि त्यांना गोळी घातली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, तीन ओळींची. त्यात नाव नव्हतं. आपल्याकडं लिहितात ना, "एक इसम", तसं काहीतरी होतं. आदे तेव्हा एकोणीस वर्षांचा. तेव्हापासून तो तोंड झाकून वाजवतो. "माझं तोंड दिसलं तर लोक म्हणतील अदेयेमी वाजवतोय. मला तो एक इसम वाजवायचाय," असं तो म्हणाला.

मास्कची कल्पना त्याची नव्हती, त्याच्या लोकांची जुनी चाल होती. वर्षातून एकदा मेलेले वाडवडील कापडं पांघरून गावात येतात. आत गावातलाच कुणीतरी असतो. त्याची बायको चालीवरून त्याला ओळखते, आई हातावरून ओळखते, पण कुणी नाव घेत नाही. नाव घ्यायचं नाही, हाच मान.

मी त्याला म्हटलं, "आदे, आमची नावं पण कुणी घेत नव्हतं. त्याला आमच्यात मान म्हणत नाहीत."

तो हसला नाही. हे मला त्याचं आवडायचं.

आता त्याच्या वाजवण्याबद्दल. आमच्या बँडचं गाणं चार मिनिटांचं, की दुसरं सुरू. आदेचं गाणं म्हणजे पहिली दहा मिनिटं नुसता ठेका. साइड ड्रमवाल्याला तो मात्रेच्या जरा मागं वाजवायला लावायचा, बिचारा रडकुंडीला यायचा. मोठा बाजा चार सूर घेऊन त्यातच गोल फिरत राहायचा. मग सॅक्स एक ओळ विचारायचा आणि मागचे ट्रम्पेटवाले उत्तर द्यायचे. पुन्हा विचारायचा, पुन्हा उत्तर. अशी चाळीस मिनिटं. त्याच्या देशात या असल्या गाण्यांत सरकारला शिव्या घालतात, तासतासभर. अप्पाराव पहिल्या दिवशी कपाळाला हात लावून बसला. "आरं, नवरदेव मारुतीला जाऊन परत आला तरी ह्याचं एक गाणं संपना!" पण लोक थांबेनात. म्हातारी माणसंसुद्धा त्या ठेक्यावर खांदे हलवायला लागली. महिनाभरात घनसावंगी, अंबड, परतूर, सगळीकडून आफ्रिकन मास्कवाला पाहिजे म्हणून फोन.

आदेकडं एक ढोल होता, मधे बारीक, डमरूसारखा, पण हातभर लांब. काखेत दाबला की त्याचा आवाज चढायचा, सैल सोडला की उतरायचा. त्यांची भाषा चढउताराची, म्हणून तो ढोल बोलतो. राजाचं नाव घेतो, घराण्याचं नाव घेतो. त्यानं मला विचारलं, तुझ्या आजोबांचं नाव काय, मी वाजवतो.

मी म्हटलं, "कचरू."

अर्थ विचारला. सांगितला. मला वाटलं, आता दात काढेल. तर तो उठून उभाच राहिला. त्यांच्यातही म्हणे मुलं जगत नसली की नाव ठेवतात उकिरडा, चिंध्या, असलं काहीबाही. मरणाला वाटावं हे फेकलेलंच आहे, कशाला न्या. त्याच्या स्वतःच्या चुलत्याचं नाव तसलंच होतं. दोन देश, मधे समुद्र, आणि पोरगं वाचवायची युक्ती एकच. त्या दिवशी मला तो सख्ख्या भावासारखा वाटला. मग मी त्याला पुढचं सांगितलं, की आमच्याकडं मरण सोडून गावालाच ते नाव फार आवडलं. आजोबा साठीचे झाले तरी पाटलाचं शेंबडं पोर त्यांना "ए कचऱ्या" म्हणायचं. आजोबा हलगी वाजवायचे. गावाच्या लग्नात, देवाच्या पालखीपुढं, दवंडीला. छप्पन्न साली धर्म घेतला आणि त्याच आठवड्यात आजोबांनी हलगी गोदावरीत सोडून दिली. परत कुणाच्या दारात वाजवलं नाही.

आदेला हे सोसलं नाही. "आजोबांचा ढोल नदीत? आमच्यात ढोल म्हणजेच आजोबा!"

"आमच्यात ढोल नदीत गेला तेव्हा आजोबा माणूस झाले," मी म्हटलं.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मला सॅक्सवर तीन सूर ऐकवले. पहिले दोन खाली, आखूड. तिसरा एकदम वर चढून लांबत जाणारा, शेतातून कुणाला हाक मारावी तसा. "कचरू," तो म्हणाला. "मराठी चढउताराची नाही, पण मी तिला चढवली." त्यानंतर प्रत्येक लग्नात, पाटलांच्या, देशमुखांच्या, आमदाराच्या पुतण्याच्यासुद्धा, आदेचा सॅक्स माझ्या आजोबाला हाक मारायचा आणि माझ्यासकट सगळा बँड त्याला उत्तर द्यायचा. खाली नाचणाऱ्यांना पत्ता नव्हता. आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचो. आयुष्यात एवढी मजा मला कधी आली नाही.

घरी आईला मी ती हाक वाजवून दाखवली. माझी आई बेबीनंदा, गावात एकटी राहते, जालन्याला ये म्हटलं तर येत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या आजानं हलगी नदीत टाकली, आन तू त्याचंच नाव त्यांच्या दारात वाजवून राह्यला? शाबास."

दोन वर्षं असं चाललं. मग आदेचं शिक्षण संपलं, व्हिसा संपला. जाताना तो मास्क माझ्या हातात देऊन गेला. "कापड रिकामं ठेवू नको. कुणीतरी आत पाहिजे. आणि आत कोण ते सांगू नको." गळ्यात पडला आणि गेला. मी आठ दिवस ते गाठोडं सोडलं नाही.

अप्पारावानं सोडलं. हंगामाच्या तारखा सगळ्या मास्कवाल्याच्या नावावर घेतलेल्या होत्या. त्यानं मला उभं केलं, मास्क चढवला, लांबून बघितलं, जवळून बघितलं. "उंची बराबर हाय." मी म्हटलं, हात दिसतात, हातमोजे लागतील. तो म्हणाला, "काही गरज न्हाई. तुझा रंग चालतो."

ज्या रंगापायी लहानपणापासून ऐकून घेतलं, तो असा कामाला आला.

एकच अट होती, बोलायचं नाही. आफ्रिकेचा माणूस मराठी कशी बोलेल? म्हणून मी मुका झालो. आणि मुक्या परदेशी माणसापुढं लोक काय काय बोलतात! मला खुर्ची मिळाली, स्टीलच्या जगमधून पाणी मिळालं, नवरीच्या बापानं हात धरून सावलीत नेलं. लहान मुलं माझ्या मांडीवर बसवून फोटो काढले. आणि त्याच तोंडांनी शेजारी उभं राहून, मला कळत नाही असं समजून, कुठल्या गावात आमच्या लोकांची किती घरं आहेत आणि ती कशी माजली आहेत हेही बोलले. वीस वर्षं मी याच मांडवांत वाजवत होतो. तेव्हा पाणी मागितलं की टँकरकडं बोट दाखवायचे.

मला हेवा वाटायचा. कुणाचा? माझाच. मास्कमधल्या माझा, बाहेरच्या मला.

अशातच आमच्या गावची तारीख आली. धर्मराज पाटलाचा धाकटा भाऊ सोमेश्वर, त्याचं लग्न.

आमचं गाव घनसावंगीहून जीपनं अर्ध्या तासावर, गोदावरीच्या काठाला. गावात एक रीत आहे. चावडीपासून मारुतीच्या पारापर्यंत शंभर पावलं रस्ता आहे. आमच्या वस्तीची वरात त्या रस्त्यानं विहाराकडं जाते, तेव्हा त्या शंभर पावलांत वाजवायचं नाही. कुठं लिहिलेलं नाही, कुणी दम देत नाही. चावडी आली की वाजंत्री आपोआप थांबतात, पार मागं पडला की पुन्हा सुरू. आठ वर्षांपूर्वी माझ्या बहिणीचं, अक्षताचं लग्न झालं. बँड आमचाच, सगळ्यांत पुढं मी. मनाशी ठरवून गेलो होतो की आज थांबायचं नाही. आणि चावडी आली तसा मीच सॅक्स खाली घेतला. कुणी काही बोललं नव्हतं. धर्मराज पारावर बसला होता, त्यानं हात वर करून विचारलं, "काय भूषण, बरंय ना?" मी म्हटलं, "बरंय पाटील." अक्षता गाडीतून माझ्याकडं बघत होती. ती शंभर पावलं मी अजून चालतोय.

म्हणून मला त्या लग्नाला जायचंच होतं, खोटं कशाला बोलू. ठरवलं की मास्क घालून ती शंभर पावलं वाजवायची, आजोबांच्या नावानं. आणि मग तोंड उघडं करून सांगायचं की हे वाजवलं कुणी. अप्पारावाला याचा वास लागू दिला नाही.

सकाळी साडेदहाला परण्या निघाला. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. ऊन असं की मास्कच्या आत घामानं डोळे चुरचुरत होते. धर्मराज अप्पारावाला विचारत होता, "आमचा भूषण दिसत न्हाई?"

"त्याला ताप आलाय," अप्पाराव म्हणाला.

"आरेरे. तब्येतीला जप म्हनावं."

मी हातभर अंतरावर उभा होतो. मला खरंच ताप आल्यासारखं झालं.

चावडी आली. माझे पाय थबकले, सवयच तशी. मागचा ठेका चालू होता, त्यांना काय माहीत. मी श्वास ओढला आणि वाजवलं. दोन सूर खाली, तिसरा वर. मागून उत्तर आलं. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. शंभर पावलांना आम्ही पाऊण तास लावला. पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली, कुणी माझ्यावरून नोटा ओवाळल्या, सोमेश्वर घोड्यावरून उतरून माझ्यापुढं नाचला. कचरू, कचरू, कचरू. मारुतीच्या पायरीवर उभं राहून मी आजोबांना अशी हाक मारली की नदीपर्यंत गेली असेल. मी आत रडत होतो, आणि मास्कचा तेवढा एक फायदा होता.

वस्तीतल्या बाया कोपऱ्यावर लिंबाखाली बघायला आल्या होत्या. त्यात आई होती. सगुणाबाईंनी, म्हणजे धर्मराजच्या आईनं, तिला हाक मारली. "बेबे, ये की इकडं. परदेशातला हाय, जवळून बघून घे."

आई आली. माझ्यापुढं उभी राहिली. डोळ्यांच्या चिरांतून आत बघितलं. तिला काही ओळखायचं राहिलं नव्हतं, पहिल्या तीन सुरांतच ती समजली होती. तिनं मान खाली घातली आणि सगुणाबाईंना म्हणाली, "लय लांबून आलंय लेकरू. घरी माय असंल की त्याची."

आणि वळून गेली.

आदेनं सांगितलं होतं, आई ओळखते पण नाव घेत नाही, तोच मान. माझ्या आईनं अगदी तसंच केलं. पण तिची मान खाली होती. तो मान नव्हता, ती भीती होती, पोराचं बिंग फुटून त्याला चारचौघांत काही होईल याची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मांडवात तो फेटा झाला, टाळ्या झाल्या. धर्मराजनं मला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं, नवरीच्या मामाशेजारी. ताट वाढलं. पुरी, मठ्ठा, दोन भाज्या, वर बुंदी. नेहमी मी गाडीत जाऊन जेवायचो, पण धर्मराज ऐकेना. "सर, मास्क काढा. ईट, ईट." सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. आफ्रिकेचं तोंड कसं असतं ते बघायचं होतं त्यांना.

फेटा मास्कच्या वरून बांधलेला होता. म्हणजे तोंड दाखवायचं तर आधी माझ्याच हातानं तो उतरवावा लागणार. हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. फेटा काढला, मांडीवर ठेवला. मग मास्क ओढला.

"धर्मराज, मी भूषण. कचरूचा नातू."

वाढपी वाकला होता तसाच राहिला. अप्पाराव मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, तो खाली बसला. मी तयार होतो. शिवी येईल, कुणी अंगावर येईल, काहीही झालं तरी मी बोलणार होतो. शंभर पावलांचं, अक्षताचं, सगळं.

धर्मराज हसला. मोठ्यानं, पोट धरून. "आरं तिच्या! भूषण! अप्पाराव, लय भारी गंडवलंत राव!" मग सगळी पंगत हसली. नवरीचे मामा हसले. धर्मराजनं माझ्या खांद्यावर हात टाकला, तोही प्रेमानं, आणि म्हणाला, "आम्ही म्हनलं पाव्हना, आन ह्यो तर घरचाच मानूस निघाला! ऊठ ऊठ. घरच्यांनी पहिल्या पंगतीला बसायचं आस्तं का? पाव्हने होऊ दे. आपण मागून बसू."

तो स्वतःही बसला नव्हता, त्याच्या हातात बुंदीचं ताट होतं. घरचा माणूस मागून जेवतो हे खरंच आहे. माझ्याच घरी मीही तसंच करतो. त्यानं बोलायला जागाच ठेवली नाही. मी उठलो. माझ्या ताटावर परतूरचे कुणी सोयरे बसले. मांडीवरचा फेटा सगुणाबाईंनी हलकेच उचलला, "दे बाबा, नवरीच्या चुलत्याला कमी पडलाय," म्हणाल्या. मिनिटभरात तो चुलत्याच्या डोक्यावर होता.

माइकवाला पुढच्या पाहुण्यांची नावं घ्यायला लागला. मी मांडवाच्या कडेला उभा राहिलो. तीन पंगती उठल्या. घरचे कधी बसले ते मला कुणी सांगितलं नाही. शेवटी बँडवाल्यांसाठी पिशव्यांत भरून पुऱ्या आल्या, त्यातली एक माझी. ती मी तिथंच खुर्चीवर ठेवली.

अप्पाराव मला दोन थोबाडीत देईल असं वाटलं होतं, तर तो नुसता म्हणाला, "उद्या शहागडची तारीख हाय. हिकडची बातमी तिकडं पोचायच्या आत वाजवून घेऊ. मास्क विसरू नको."

मी सॅक्स गळ्यात अडकवला, मास्क पिशवीत कोंबला आणि वस्तीत आईकडं गेलो. ती दारातच बसली होती. तिला सगळं कळलं होतं, गावात बातमीला पाय लागत नाहीत.

"जेवला का?"

"मी घरचा ना. मागून बसायचं होतं."

ती उठली, भाकरी आणि पिठलं वाढलं. मी खाली मान घालून जेवलो. मग ती म्हणाली, "तुझ्या आजाचं नाव ऐकलं म्या. मारुतीपुढं. पाऊण घंटा."

"थांबलो न्हाई, माय."

"न्हाई थांबला. पण तवा तोंड झाकेल होतं."

"मंग काढलं ना! सगळ्यांसमोर काढलं."

"काढल्यावर वाजवलं का?"

तिनं हे टोचायला म्हटलं नव्हतं. साधा प्रश्न विचारावा तसा विचारला होता. झाकून वाजवलं होतं, उघडं करून नाव सांगितलं होतं. उघड्या तोंडानं वाजवायचं राहिलंच होतं.

"आता जाताना त्याच रस्त्यानं जायचंय," मी म्हटलं.

आईनं ताट उचललं.

उन्हं कलली होती. सॅक्स माझ्या गळ्यात होता, तोंड उघडं होतं, रस्ता रिकामा होता. चावडी आली. मी माऊथपीस ओठांत धरला. बोटं तिन्ही सुरांवरून फिरली, पहिला, दुसरा, तिसरा. छातीत श्वास भरलेला होता. एक पाऊल, दहा पावलं, चाळीस. पिशवीतला मास्क पायाला लागत होता. तो घातला असता तर वाजलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं.

पारावर धर्मराज बसला होता, दोन-चार जणांबरोबर, दमलेला, लग्नघरच्या माणसासारखा. त्यानं हात वर केला.

"काय भूषण, बरंय ना?"

मी माऊथपीस तोंडातून काढला.

"बरंय पाटील," मी म्हटलं.